औषधी गांज्याची जमीन

शेतासाठीं जमीन निवडतांना शेतकरी बहुधा पीक किती येईल हें प्रथम पाहतो. औषधी वनस्पतीच्या बाबतींत त्याआधीं दुसरा प्रश्न उभा राहतो : या मातींत जें आहे, तें रोग्याच्या पोटांत गेलेलें चालेल काय ? गांजा हें याचें बोलकें उदाहरण आहे.

कलकत्त्याचे डॉक्टर ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं या वनस्पतीचे औषधी प्रयोग प्रसिद्ध केले. तान्ह्या मुलाच्या आंकडीवरचा उपचार त्यांत होता. पुढें २०१८ सालीं अमेरिकेंत तिच्यांतील कॅनाबिडिऑल हें द्रव्य मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर औषध म्हणून मान्य झालें.

जमिनीची पारख मात्र शेतकऱ्यांना आधींच साधली होती. बंगालमधील नौगांव, जें आज बांगला देशांत आहे, तेथें सरकारी परवान्यानें गांज्याची शेती होई. १८९३-९४ च्या सरकारी चौकशींत तिचें तपशीलवार वर्णन आहे. जमीन उंचवट्याची, हलक्या वालुकामिश्र पोयट्याची निवडीत. कारण पाणी तुंबलें कीं मुळें कुजतात. शेतावर झाडांची सावली नको, कारण भरपूर ऊन मिळाल्याशिवाय फुलोऱ्यावर राळ नीट धरत नाहीं. वारंवार नांगरट करून शेणखत घालीत आणि पावसाळा सरतां सरतां वरंब्यांवर रोपें लावीत. पुढें ‘पोद्दार’ नांवाचा जाणकार नर झाडें हुडकून उपटून टाकी. कारण पराग मिळतांच मादी झाडें बीं धरतात आणि राळ घटते. हा पराग वाऱ्यानें दूरवर जातो. म्हणून भांगेच्या दुसऱ्या शेताजवळची जागा आजहि टाळावी लागते.

ऊन, निचरा आणि वारा डोळ्यांना दिसतात. मातींतलें विष दिसत नाहीं. हें झाड शिसें, कॅडमियम यांसारख्या जड धातू मुळांवाटे सहज शोषून घेतें. १९८६ च्या अपघातानें दूषित झालेल्या चेर्नोबिल परिसरांत माती शुद्ध करण्याच्या प्रयोगांसाठीं तें लावून पाहिलें गेलें, तें याच गुणामुळें. जो गुण तेथें उपयोगी, तोच औषधाच्या शेतांत घातक ठरतो. दूषित जमिनींतहि झाड हिरवेंगार वाढूं शकतें आणि अर्क काढतांना औषधाबरोबर विषहि दाट होऊं शकतें. म्हणून कारखान्याच्या सांडपाण्याजवळची आणि जुन्या रहदारीच्या रस्त्याकडेची जमीन टाळलेली बरी. भारतांत २००० सालापर्यंत पेट्रोलांत शिसें मिसळीत असत आणि मातींतलें शिसें लवकर जात नाहीं. नांगर धरण्यापूर्वीं माती व विहिरीचें पाणी प्रयोगशाळेंत तपासून घेणें हीच खरी पूर्वतयारी होय. विषारी कीटकनाशकांचा इतिहास असलेली बागहि या कामीं निरुपयोगी.

भारतांत १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानें परवान्याशिवाय एक झाड लावणेंहि गुन्हा ठरविलें आहे. औषधी व शास्त्रीय कामासाठीं सरकार परवानगी देऊं शकतें. जम्मूच्या सरकारी औषधसंशोधन संस्थेनें अशी लागवड केली आहे. तेव्हां पक्कें कुंपण आणि पहारा हेहि जागेच्या निवडीचे भाग ठरतात.

इतर पिकांत खराब जमीन शेतकऱ्याचें नुकसान करते. येथें तें नुकसान आंकडी येणाऱ्या मुलाच्या चमच्यापर्यंत पोंचतें. औषधाची शुद्धता बाटली भरतांना नव्हे, माती निवडतांना सुरू होते.