अंत्यसेवेचे शिक्षण

व्यापारी बंधूंनो, पेढीवर बसविण्यापूर्वी आपण मुलास वही लिहिणे, माल पारखणे, गिऱ्हाइकाशी गोड बोलणे शिकवितो. परंतु घरात मृत्यू घडल्यास पहिल्या तासात काय करावे, हे मात्र आपण त्यास शिकवीत नाही. पूर्वी तशी गरजही भासत नसे. सराफा किंवा मल्हारगंजच्या गल्लीत वार्ता पोहोचताच एखादे जाणते गृहस्थ न बोलावता येत, आणि बांबू, सुतळी, कापड, सरण यांची व्यवस्था मुकाट्याने लावीत. तरुण मंडळी त्यांच्या हाताखाली पाहून शिकत. आता इंदूरची वस्ती दूरदूर पसरली, मुले परगावी व परदेशी गेली, जाणते थकले. २०२१ च्या एप्रिलमध्ये महामारीत मुक्तिधामांवर रांगा लागल्या, तेव्हा ही उणीव आम्हांस तीव्रतेने जाणवली.

पाश्चात्य देशांत ही विद्या रीतसर शिकवितात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांचे देह दूरच्या गावी पोहोचविण्यासाठी ते औषधींनी टिकविण्याची कला पसरली. १८८२ साली सिनसिनाटी येथे तिची शाळा निघाली. आज तेथे बहुतेक राज्यांत ठराविक अभ्यासक्रम, परीक्षा व उमेदवारी यांवाचून परवाना मिळत नाही. इंग्लंडात परवान्याची सक्ती नाही. तरी १९०५ साली स्थापन झालेली व्यावसायिकांची संघटना पदविकेचे शिक्षण देते. आपल्या देशातही हा व्यवसाय उभा राहत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या व्यापारमेळ्यात मुंबईच्या एका संस्थेने अंत्यसंस्कार-सेवेचे दालन मांडले, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या.

आम्ही त्या व्यवसायास दोष देत नाही. ज्या घरी खांदा देणारे चौघे नाहीत, तेथे तो उपकारकच आहे. तथापि भाड्याचा मनुष्य येईपर्यंतचे तास घरच्यांचेच असतात, आणि नेमक्या त्याच तासांत पुष्कळ काही करावे लागते.

देह काही तासांत ताठरू लागतो. म्हणून डोळे मिटणे, हनुवटी बांधणे, हातपाय सरळ करणे ही कामे आधी करावी. नेत्रदान साधारणतः सहा तासांच्या आत व्हावे लागते. पंखा बंद करून मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा व नेत्रपेढीस तत्काळ कळवावे. डॉक्टरांचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असल्यास प्रथम पोलिसांस कळवावे. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. घरी मृत्यू झाल्यास ती जबाबदारी कुटुंबाची. दाखल्यात नावाचे एक अक्षर चुकले, तरी बँक, विमा व भागीदारीचे व्यवहार अडतात, हे व्यापाऱ्यांस सांगणे नलगे. देह विमानाने न्यावयाचा असल्यास तो टिकविल्याचे प्रमाणपत्रही लागते.

सरणाची लाकडे कोरडी असावीत, आणि त्यांत कीटक नाहीत हे पाहून घ्यावे. अहिंसा पाळणाऱ्यांनी या घडीसही तिचा विसर पडू देऊ नये. खर्चाचा हिशेब एकानेच ठेवावा, आणि तो शोकाकुल पत्नीपुढे किंवा मुलांपुढे काढू नये. सर्वांत कठीण धडा बोलण्याचा. सांत्वनाची लांब भाषणे नकोत. जवळ बसावे, पाणी द्यावे, पुढे काय होणार ते हलक्या स्वरात सांगावे.

या गोष्टी पुस्तकाने येत नाहीत. म्हणून आमची सूचना अशी की, संघाने प्रतिवर्षी चार-सहा तरुण व तरुणी निवडून त्यांस जाणत्यांच्या सोबत द्यावे. त्यांनी पंचकुइया मुक्तिधामात जाऊन तेथील कर्मचाऱ्यांकडून काम नम्रतेने समजून घ्यावे, तिरडी बांधावयास शिकावे, दाखल्याचे अर्ज स्वतः भरून पाहावेत. रुग्णाच्या व साधूंच्या सेवेस आपल्या धर्माने वैयावृत्त्य म्हणून तपात गणिले आहे. ज्याची आपण शेवटपर्यंत शुश्रूषा केली, त्याच्या देहास अखेरच्या प्रवासात अनोळखी व अडाणी हातांत सोडू नये. जाणते आपल्यात आहेत तोवर हे शिकून घ्यावे, एवढीच सभासदांस आमची कळकळीची विनंती आहे.