एजंटला कळेल असं लिहायचं कसं? क्रिकेटच्या आकड्यांची गोष्ट

जयपूरच्या मुरलीपुऱ्यातून बोलतोय. गेल्या वेळी एआय एजंट म्हणजे काय ते पाहिलं. आज पुढचं: एजंटच्या हातात क्रिकेटच्या आकड्यांचं टूल द्यायचं असेल, तर त्याची माहिती कशी लिहायची?

एजंट सगळे स्कोअर पाठ करून बसलेला नसतो. तुम्ही प्रश्न विचारलात की तो टूलकडून आकडे मागवतो आणि उत्तर देतो. कोणतं टूल कशासाठी, त्याला काय द्यायचं, हे तो सोबतच्या वर्णनात वाचतो. अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. त्यात प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि काय भरायचं याचा साचा असतो. एजंटला दिसतं ते एवढंच.

फौजेत ऑर्डर अशी लिहायची असते की तिचा दुसरा अर्थच निघू नये. तरी जवानाला शंका आली तर तो वायरलेसवर परत विचारतो. एजंट बहुतेक वेळा विचारत नाही. अंदाज बांधतो आणि ठासून सांगतो. ऐकणारा तेच पुढे चार ठिकाणी पाठवतो.

साधं उदाहरण घ्या. गोलंदाजाने ३.३ षटकांत २८ धावा दिल्या. ३.३ म्हणजे ३ षटकं आणि ३ चेंडू, एकूण २१ चेंडू. षटकामागे बरोबर ८ धावा. एजंटने सरळ २८ भागिले ३.३ केलं तर ८.४८ येतात. गल्लीतल्या पोरालाही हे कळतं, पण लिहिलं नसेल तर यंत्राला कसं कळणार? क्रिकशीट नावाच्या संकेतस्थळावर चेंडूगणिक नोंदी मोफत मिळतात. त्यांच्या जेसन फाइलमध्ये पहिल्या षटकाचा क्रमांक ० असतो. म्हणजे 'विसावं षटक' मागितलं तर १९ क्रमांकाचं द्यायचं. हेही वर्णनात हवं.

नावांचा घोळ आपल्याला जास्त जवळचा. रणजीत 'महाराष्ट्र' हे संघाचं नाव आहे, राज्याचं नाही. महाराष्ट्राने करंडक जिंकला १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. मुंबई आणि विदर्भ हे वेगळे संघ, त्यांची विजेतेपदं वेगळी. जुन्या नोंदींत मुंबईचा संघ 'बॉम्बे' म्हणून सापडतो. दोन्ही नावं एकाच संघाची, हे लिहून ठेवलं नाही तर अर्धा इतिहास हिशेबातून गळतो.

आता आमच्या राजस्थानकडे येतो. २०१०-११ आणि २०११-१२, अशी सलग दोन वर्षं राजस्थानने रणजी जिंकली. कर्णधार कोण? पुण्याचा हृषीकेश कानिटकर! (मराठी माणसाने इथे छाती फुगवायला हरकत नाही.) आता गंमत पाहा. दोन्ही अंतिम सामने अनिर्णित राहिले आणि करंडक मिळाला पहिल्या डावातल्या आघाडीवर. टूलमध्ये निकालाचा एकच रकाना असेल आणि त्यात 'अनिर्णित' असेल, तर एजंट म्हणेल की अंतिम सामना कुणीच जिंकला नाही. म्हणून सामन्याचा निकाल आणि विजेता हे दोन रकाने वेगळे ठेवा, आणि ते वेगळे का आहेत हे एका वाक्यात लिहा.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर ४४३ वर नाबाद, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ ला फक्त ९ धावा कमी. जेवणाच्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला आणि संघ निघून गेला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. आता कुणी एजंटला विचारलं, 'निंबाळकरांनी शेवटचे चेंडू कसे खेळले?' तर? क्रिकशीटच्या चेंडूगणिक नोंदी मुख्यतः एकविसाव्या शतकातल्या आहेत. अशा वेळी टूलने ० किंवा रिकामी यादी परत दिली, तर एजंट त्याचा अर्थ 'असा खेळाडूच नाही' असाही लावेल. पुण्यातला तो दिवस पुसला जाईल, आणि पुसणाऱ्याला पत्ताही नसेल.

म्हणून उत्तरं वेगवेगळी ठेवायची. 'शोधलं, सापडलं नाही' वेगळं आणि 'हा काळ आमच्या नोंदीतच नाही' वेगळं. दुसऱ्या उत्तरासोबत नोंद कोणत्या वर्षापासून आहे तेही द्यायचं. आमच्या कॉलनीतला एक इंजिनिअर मुलगा असं टूल बनवतोय. त्याला मी दहा प्रश्न लिहून दिले, सगळ्यांची उत्तरं मला आधीपासून माहीत असलेले. वर्णनात बदल केला की दहाही प्रश्न पुन्हा विचारायचे. त्यातला पहिला प्रश्न निंबाळकरांचा आहे.