बोटं हलली पाहिजेत

मार्च महिना. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत सामानाच्या खोलीबाहेर रांग लागली आहे. २८ दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमासाठी देशभरातून आलेली पोरं सही करून एकेक वस्तू ताब्यात घेतायत. आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, हार्नेस, स्लीपिंग बॅग. शेवटी बूट. सह्याद्रीत राजगड-तोरणा करताना पायात असतात तसले हे बूट नव्हेत. बाहेरून प्लास्टिकचं टणक कवच आणि आत वेगळा निघणारा, गुबगुबीत मऊ बूट. एकेक पाय किलोभराच्या वर भरतो.

पुण्याहून आलेल्या एका मुलीच्या वाट्याला मापापेक्षा किंचित मोठा जोड आला. तिने त्यावर सरळ हिशोब केला : मोठा आहे ना, मग मोजे जास्त चढवू. जाड लोकरीच्या दोन जोड्या आणि खाली घरून आणलेली एक सुती. बूट आता घट्ट बसला आणि तिला बरं वाटलं. तेवढ्यात प्रशिक्षक जवळ आले. ‘कितनी जुराबें पहनी हैं?’ तीन, म्हणून तिने सांगितलं. ‘उँगलियाँ हिलाओ.’

बोटं हलेनात.

थंडीत मोजे निवडण्याची सारी गोम या एवढ्या परीक्षेत आहे. मोजा पाय गरम करत नाही. ऊब रक्त आणतं. लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा ती धरून ठेवते, एवढंच मोज्याचं काम. तीन जोड्या कोंबल्या की हवाही दाबली जाते आणि रक्ताची वाटही. शिवाय उंचीवर थंडी वाढली की शरीर हृदय-फुप्फुसं सांभाळायला हातापायांच्या टोकांचा रक्तपुरवठा आखडता घेतंच. त्यात घट्ट बुटाची भर पडली, की आधी झिणझिण्या येतात, मग वेदना होतात आणि मग काहीच जाणवेनासं होतं. यातली धोक्याची अवस्था शेवटची. नवख्याला मात्र नेमकं तेव्हाच हायसं वाटतं.

सुती मोज्याची तर हकालपट्टीच झाली. पावसाळी ट्रेकला तो चालवून घेतो आपण. पाय भिजतात, खाली उतरून चहा घेतला की विसरायला होतं. बर्फात तसं नाही. बर्फ बुटात शिरला नाही तरी पाय घामाने आतून भिजतातच, आणि प्लास्टिकच्या कवचातून तो घाम बाहेर जाऊ शकत नाही. सूत तो पिऊन बसतं आणि त्वचेला चिकटतं. पाणी तर स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. लोकरीचं वागणं निराळं : आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा ती धाग्याच्या पोटात ठेवते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजल्यावरही फुगीर राहते.

म्हणून जाणकार माणूस मोजा विकत घेताना आधी उलटा करतो. आत टॉवेलसारखी वेटोळी आहेत का, टाचेला टाचेचा आकार दिलाय का, की नुसती नळीच विणलीय? मग बोटांवरची शिवण अंगठ्याच्या नखाने चाचपायची. नखाला लागली, तर सहा तासांच्या चालीत करंगळीलाही लागणारच. निव्वळ शंभर टक्के लोकरीचा हट्टही धरू नये; टाचेवर ती लवकर विरते, म्हणून थोडं नायलॉन हवंच, आणि मोजा घसरू नये म्हणून किंचित लवचीक धागा. मोजा मोठा झाला तर चुण्या पडून फोड येतात. लहान झाला तर तो बोटांना एकमेकांवर ओढतो. पहिलं लगेच कळतं, दुसरं कळायला रात्र होते.

बुटाचं माप पाहण्याचीही एक रीत आहे. आतला मऊ बूट कवचातून काढून बाजूला ठेवायचा, मोजा घातलेला पाय रिकाम्या कवचात पुढे सरकवायचा आणि टाचेमागे बोटं घालून जागा बघायची. एक बोट जेमतेम जात असेल तर बूट लहान, दोन बोटं बसली तर ठीक. हे सगळं संध्याकाळी करावं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि डोंगरावर ते त्याहून कमी सुजणार नाहीत.

गोठणाऱ्या पायांची आणि मोज्यांची ही कथा जुनीच आहे. ३ जून १९५० रोजी अन्नपूर्णेच्या ८०९१ मीटर उंच शिखरावर फ्रेंच गिर्यारोहक मोरिस हर्झोगसोबत उभा असलेल्या लुई लाशनालला खाली उतरायची घाई होती. पाय गोठतायत हे त्याला कळत होतं. आल्प्समधल्या शामोनीचा तो गाइड होता, पाय हेच त्याचं पोट. परतीच्या वाटेवर डॉक्टरांना त्याच्या पायाची बोटं कापावी लागली. त्याहून विलक्षण गोष्ट एव्हरेस्टची. २०२४ साली मध्य रोंगबुक हिमनदीवर एक जुना चामडी बूट सापडला, तळाला खिळे ठोकलेला, आत पाऊल. १९२४ साली जॉर्ज मॅलरीबरोबर वर गेलेला अँड्र्यू आयर्विन तो हाच, हे कळलं कशावरून? मोज्यावरून. मोज्यावर त्याच्या नावाची पट्टी शिवलेली होती. शंभर वर्षांत डोंगराने बरंच काही गिळलं, पण नाव शिवलेला मोजा टिकला.

तर उत्तरकाशीत पुण्याच्या त्या मुलीने अखेर दोनच जोड्या पायात ठेवल्या : त्वचेलगत घाम पुढे ढकलणारा पातळ कृत्रिम धाग्याचा मोजा, वर एक जाड लोकरीचा. बुटात उरलेली जागा बुटाच्या तळात लोकरीच्या नमद्याची पट्टी घालून भरली. जागा भरायचीच असेल तर ती पायाखाली भरावी, बोटांभोवती नाही, ही शहाणपणाची गोष्ट तिला प्रशिक्षकांनीच दाखवली.

पुढे बर्फावरच्या सरावासाठी डोक्रियानी हिमनदीच्या तळावर गेल्यावर मात्र मोजे निवडण्यापेक्षा राखण्याचं काम मोठं. दिवसभर घातलेली जोडी तंबूच्या दोरीवर टांगली तर सकाळी ती लाकडाच्या फळीसारखी हातात येते. म्हणून ओले मोजे रात्री पोटावर, बनियनच्या आत ठेवायचे. घाण वाटते, पण सकाळी ते कोमट आणि बहुतेक कोरडे निघतात. आतला बूटही स्लीपिंग बॅगमध्ये, पायाशी. आणि एक जोडी केवळ झोपेची. ती बुटात घालायची नाही, तंबूबाहेर न्यायची नाही, कुणाला उधार द्यायची नाही.

पहाटे बर्फावर निघण्याआधी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला तोच जुना हुकूम मिळतो. क्रॅम्पॉनचे पट्टे आवळले की पुन्हा एकदा. तासाभराने थांबा घेतला की पुन्हा. पुण्याच्या मुलीने तिसऱ्या दिवशी डाव्या बुटाची वरची नाडी दोन वेढे सैल केली, आणि मग ती हलवून दाखवली. पाचही बोटं.