जहाजातून उतरणारी कीड

१९७० साली जगभरातल्या जहाजांनी सुमारे २६० कोटी टन माल वाहिला. २०२३ मध्ये हा आकडा १,२३० कोटी टनांच्या आसपास गेला, म्हणजे जवळपास पावणेपाच पट. परक्या सजीवांचा आलेखही असाच चढतो आहे. एखादी परकी प्रजाती एखाद्या देशात प्रथमच आढळल्याच्या ४५ हजारांहून अधिक नोंदी शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एकत्र तपासल्या. त्यांतल्या ३७ टक्के नोंदी १९७० ते २०१४ या काळातल्या निघाल्या.

कीटकांचा हिशेब यात विशेष जड आहे. २०१६ च्या एका अंदाजानुसार परक्या कीटकांमुळे जगाचे दरवर्षी किमान ७,००० कोटी डॉलरचे नुकसान होते. त्यांच्यामुळे होणाऱ्या आजारांचा खर्च ६९० कोटी डॉलरच्या वर जातो.

हे कीटक येतात कसे? कधी मालासोबतच्या वस्तूंत, तर कधी थेट विकत घेतलेल्या मालातच. ऍशची झाडे पोखरणारा आशियाई हिरवा भुंगेरा २००२ मध्ये अमेरिकेत डेट्रॉईटजवळ सापडला. तो लाकडी खोक्यांतून आला असावा, असे मानले जाते. त्याने आजवर कोट्यवधी झाडे मारली. १९८५ मध्ये ह्यूस्टनला रुजलेला टायगर डास आशियातून आलेल्या जुन्या टायरांत साचलेल्या पाण्यातून पोचला. जिवंत रोपांची वाट तर सर्वांत रुंद आहे. १८६० ते २००६ दरम्यान अमेरिकेच्या जंगलांत घुसलेल्या उपद्रवी कीटक-रोगांपैकी सुमारे ७० टक्के आयात रोपांबरोबर आले.

लाकडी खोक्यांसाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखायचे किंवा धुरी द्यायची, मग शिक्का मारायचा. अमेरिकेतल्या तपासणीत या नियमानंतर कीडग्रस्त लाकडाचे प्रमाण ३६ ते ५२ टक्क्यांनी घटून हजारात एकावर आले. ऐकायला हे समाधानकारक वाटते. पण तिथे वर्षाला येणारे कंटेनर सुमारे अडीच कोटी आणि त्यांतल्या निम्म्यांहून थोड्या अधिक कंटेनरांत लाकडी वेष्टन. हजारात एक धरला तरी जिवंत कीड घेऊन येणारे कंटेनर तेरा हजारांच्या घरात जातात. टक्का निम्म्यावर आणला आणि व्यापार दुप्पट झाला, तर कीड पूर्वीइतकीच उतरते.

भारत या हिशेबाच्या दोन्ही बाजूंना आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतली, टोमॅटो पोखरणारी टुटा अळी २००६ मध्ये स्पेनमध्ये आणि २०१४ मध्ये पुणे परिसरात आढळली. टोमॅटो, रोपे आणि क्रेट यांच्या वाहतुकीतून ती लांबचे टप्पे गाठते. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि लवकरच महाराष्ट्राच्या बागांतही आला. त्याला आवरायला २०१० मध्ये थेट पोर्टो रिकोहून परोपजीवी मित्रकीटक आणून सोडावे लागले. ते यशस्वी ठरले, पण प्रत्येक किडीला असा वैरी सापडतोच असे नाही.

दुसरी बाजू हापूसची. २०१३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी सापडल्या. मे २०१४ पासून आंब्यावर आणि चार भाज्यांवर बंदी आली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला २००७ पासून ४०० ग्रे विकिरण सक्तीचे आहे. बागायतदाराला हा जाच वाटतो. पण आपल्या टोमॅटो आणि पपईसाठी आपणही इतरांकडे हेच मागायला हवे. व्यापार वाढेल त्या प्रमाणात बंदरांवरचे तपासनीस आणि प्रयोगशाळाही वाढल्या पाहिजेत.

सामान्य माणसाच्या हातातही एक गोष्ट आहे. परदेशातून रोप, कलम किंवा बियाणे आणायला आयात परवाना आणि पीक आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते नसेल, तर हौसेखातर बॅगेत काहीही आणू नका.