लोएवे : माद्रिदच्या एका चर्मकलागृहाची वाटचाल

लोएवे ही स्पेनमधील चामड्याच्या उंची वस्तू आणि वस्त्रप्रावरणे तयार करणारी सर्वांत ख्यातनाम पेढी होय. आपली स्थापना १८४६ साली माद्रिद येथे झाली, असे ती सांगते. परंतु ज्या गृहस्थाचे नाव तिने धारण केले आहे, त्याचा त्या वर्षाशी काहीही संबंध नव्हता. तो जर्मनीतून आला आणि पेढीच्या कामात शिरला तो १८७० नंतरच्या दशकात. आरंभ आणि नामकरण यांमधील हे सुमारे पाव शतकाचे अंतर वरवर पाहता किरकोळ वाटेल. तथापि या संस्थेच्या इतिहासाचा मुख्य प्रश्न त्यातच सामावलेला आहे. पेढीची मालकी वारंवार बदलली, बाजारपेठ बदलली, राज्यव्यवस्थाही बदलली. मग या सर्व स्थित्यंतरांतून जे टिकले ते नेमके काय, आणि त्याचे श्रेय कोणाच्या नावे जमा झाले, याचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

स्पेनमधील चर्मोद्योगाची परंपरा या पेढीहून कितीतरी शतके जुनी आहे. इस्लामी सत्तेच्या काळात कोर्दोबा नगरीत दोन प्रकारचे चामडे विशेष नावारूपास आले होते. सुमाक नावाच्या झुडपाच्या पानांनी कमावलेले बकऱ्याचे मऊ चामडे ‘कोर्दोबान’ म्हणून ओळखले जाई, तर मेंढीच्या चामड्यावर ठसे उमटवून, वर्ख चढवून व रंगवून भिंतींसाठी तयार केलेल्या आच्छादनांना ‘ग्वादामेसी’ म्हणत. यांपैकी पहिल्याची कीर्ती युरोपात इतकी पसरली की, मोची या अर्थाचे फ्रेंचमधील ‘कोर्दोनिए’ आणि इंग्रजीतील ‘कॉर्डवेनर’ हे दोन्ही शब्द कोर्दोबा या ग्रामनामावरूनच सिद्ध झाले. पुढे अंदालुसियातील उब्रीके हे गावही चामडी वस्तूंच्या निर्मितीसाठी प्रसिद्धीस आले. एकोणिसाव्या शतकातील माद्रिदच्या कारागिरांना असा समृद्ध वारसा लाभलेला होता.

१८४६ साली अशाच काही कारागिरांनी माद्रिदच्या लोबो रस्त्यावर (आजचा एचेगाराय रस्ता) एकत्र येऊन सामाईक कर्मशाळा थाटली. नाण्यांच्या पिशव्या, चिरुटांच्या डब्या, पेट्या, तसबिरींच्या चौकटी अशा लहानसहान परंतु सुबक वस्तू तेथे तयार होत. राजधानीत वाढणाऱ्या सुखवस्तू मध्यमवर्गाला अशा वस्तूंची हौस होती. एन्रिके लोएवे रोसबेर्ग हा जर्मन कारागीर व व्यापारी या मंडळींना येऊन मिळाला, तेव्हा पेढीला व्यापारी शिस्त आणि एक नाव प्राप्त झाले. जर्मन भाषेत या आडनावाचा अर्थ ‘सिंह’ असा आहे. १८९२ साली प्रिन्सिपे रस्त्यावरील दुकानावर ‘ए. लोएवे’ अशी पाटी झळकली. मूळ कारागिरांची नावे मात्र त्या पाटीवर नव्हती आणि पुढेही आली नाहीत.

१९०५ साली राजा तेरावा आल्फोन्सो याने या पेढीस राजगृहाचे अधिकृत पुरवठादार म्हणून मान्यता दिली, आणि १९१० साली बार्सेलोना येथे तिची शाखा उघडली. परंतु राजाश्रय हा शाश्वत आधार नसतो. १९३१ साली प्रजासत्ताक स्थापन होऊन राजाने देश सोडला. १९३६ ते १९३९ या काळात यादवी युद्धाने देश होरपळून निघाला आणि माद्रिद शहर दीर्घकाळ वेढ्यात राहिले. युद्ध संपले त्याच वर्षी पेढीने ग्रान व्हिया या राजमार्गावर नवे दुकान उघडले. त्यानंतरच्या टंचाईच्या व स्वयंपूर्णतेच्या धोरणाच्या वर्षांत उंची वस्तूंना गिऱ्हाईक मिळवणे सोपे नव्हते. १९४५ पासून होसे पेरेस दे रोसास यांनी पेढीच्या कलाविभागाची धुरा वाहिली. त्यांनी सजवलेली दर्शनी दालने पाहण्यासाठी रस्त्यावरील लोक थांबत. १९५९ साली स्पेनने आर्थिक स्थिरीकरणाची योजना स्वीकारून परकीय भांडवलास व पर्यटनास दारे उघडली. त्याच वर्षी वास्तुशिल्पी हाविएर कार्वाहाल यांनी आखलेले आधुनिक दुकान माद्रिदच्या सेरानो रस्त्यावर सुरू झाले. १९६३ साली लंडनमध्ये दुकान निघाले, आणि १९६५ पासून तयार कपड्यांच्या क्षेत्रात पेढीने पाऊल टाकले.

या विस्तारामागील बळ समजून घ्यावयाचे, तर कच्च्या मालाकडे आणि कामाच्या पद्धतीकडे वळावे लागते. लोएवेची ख्याती मुख्यतः ‘एन्त्रेफिनो’ जातीच्या स्पॅनिश मेंढ्यांच्या कोकरांच्या चामड्यावर उभी आहे. त्यापासून केलेले ‘नाप्पा’ चामडे अत्यंत पातळ व मुलायम असते. परंतु हा गुणच कारागिराची परीक्षा पाहतो. जाड चामड्यावर दाट रंगाचा थर देऊन ओरखडे झाकता येतात, पातळ नाप्पावर ते झाकत नाहीत. काट्याने उमटलेला व्रण, कीटकदंशाचा डाग किंवा मानेजवळची सुरकुती आधीच हेरून तो भाग वगळावा लागतो. शिवाय कोकराचे कातडे आकाराने लहान असल्यामुळे दोष टाळून, ताणाची दिशा सांभाळून आणि नासाडी न होऊ देता तुकडे बेतणे हे सर्वांत कठीण काम ठरते. त्यानंतर कडा तासून पातळ करणे, दुमडणे, चिकटवणे व शिवणे या क्रिया येतात. कड किंचित जाड राहिली तर शिवण फुगते, अधिक तासली गेली तर ती फाटते. ही अचूकता यंत्राच्या आकड्यावर सर्वस्वी सोपवता येत नाही. ती बोटांच्या सवयीने येते आणि ती सवय एका पिढीकडून दुसरीने शेजारी बसूनच उचलावी लागते.

१९७० साली चित्रकार व्हिसेन्ते व्हेला यांनी चार ‘एल’ अक्षरांची वळणदार मुद्रा रेखाटली. गुराढोरांना डागण्याच्या लोखंडी शिक्क्यांवरून तिची कल्पना सुचली होती. १९७५ साली ‘आमासोना’ ही पिशवी बाजारात आली. घराबाहेर पडून नोकरी-व्यवसाय करणारी स्त्री ही तिची अपेक्षित ग्राहक होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रँकोचा मृत्यू होऊन स्पेनमधील हुकूमशाहीचा शेवट सुरू झाला. हा योगायोग असला, तरी स्पॅनिश स्त्रीच्या बदलत्या स्थानाची साक्ष म्हणून या पिशवीकडे पाहता येते.

मालकीच्या दृष्टीने मात्र पुढील दोन दशके अस्थिर होती. लोएवे कुटुंबाच्या हातून निसटून पेढी ‘रुमासा’ या बलाढ्य उद्योगसमूहात गेली. २३ फेब्रुवारी १९८३ रोजी फेलिपे गोन्सालेस यांच्या समाजवादी सरकारने तो संपूर्ण समूह ताब्यात घेतला. त्यामुळे एकेकाळची राजपुरवठादार पेढी काही काळ चक्क सरकारी मालकीची झाली. पुढे तिची खाजगी क्षेत्रात विक्री झाली, आणि १९९६ साली ती फ्रेंच ‘एलव्हीएमएच’ समूहात विलीन झाली. कुटुंबाचा धागा अगदीच तुटला नाही. चौथ्या पिढीतील एन्रिके लोएवे लिंच यांनी १९८८ साली लोएवे प्रतिष्ठान स्थापून स्पॅनिश काव्यासाठी आंतरराष्ट्रीय पारितोषिक सुरू केले.

फ्रेंच समूहाच्या काळात रचनाकारांचे नाव अग्रभागी आले. नार्सिसो रॉड्रिगेस, स्टुअर्ट व्हेव्हर्स आदींनंतर २०१३ साली उत्तर आयर्लंडचे जोनाथन अँडरसन यांनी सूत्रे हाती घेतली आणि २०२५ पर्यंत ती सांभाळली. त्यांच्यानंतर जॅक मॅककॉलो व लासारो एर्नांदेस ही जोडी आली. अँडरसन यांची ‘पझल’ पिशवी भौमितिक तुकडे जोडून घडवलेली असून ती सपाट घडी होऊ शकते. तिची कल्पना रचनाकाराची, हे खरे. परंतु इतक्या सांध्यांची वस्तू सफाईने जुळवणारे हात माद्रिदनजीकच्या हेताफे येथील कर्मशाळेत तयार नसते, तर ती कल्पना कागदावरच राहिली असती.

२०१६ साली प्रतिष्ठानाने हस्तकलेसाठी स्वतंत्र पारितोषिक जाहीर केले आणि त्याची प्रेरणा १८४६ च्या सामाईक कर्मशाळेत असल्याचे सांगितले. २०१७ साली पहिला मान जर्मन काष्ठशिल्पी एर्न्स्ट गाम्पेर्ल यांना मिळाला. नामांकित पेढीने कारागिराला नावानिशी गौरवावे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु हा गौरव पेढीबाहेरील स्वतंत्र कलावंताला लाभतो. पेढीच्या पिशवीवर आजही संस्थेचीच मुद्रा असते, ती बेतणाऱ्या-शिवणाऱ्याचे नाव नसते. राजा, कुटुंब, शासन आणि परकीय भांडवल हे सर्व या घराण्याच्या इतिहासात येऊन गेले. त्या प्रत्येकाला ज्याची किंमत कळली आणि ज्यावर प्रत्येकाने नफा मिळवला, ते कसब मात्र लोबो रस्त्यावरील अनाम मंडळींपासून चालत आलेले आहे. उद्योगसंस्थांचा इतिहास मालकांच्या क्रमावरून लिहिण्याची प्रथा किती अपुरी आहे, हे दाखवण्यास लोएवेचे उदाहरण पुरेसे आहे.