कवच फोडण्याची घाई नको

एकविसावा दिवस उजाडतो. उबवण यंत्राच्या काचेला नाक लावून घरातली मुले बसलेली असतात. सकाळी एका अंड्याला बारीकसा तडा गेलेला दिसतो. कान लावला तर आतून चिवचिवही ऐकू येते. घरभर आनंदीआनंद होतो. पण दुपार होते, संध्याकाळ होते, तरी पिल्लू काही बाहेर येत नाही. तडा तेवढाच राहतो. चिवचिव थोडी क्षीण झाल्यासारखी वाटते. मुले हट्ट धरतात, “आई, काढ ना गं त्याला बाहेर!” आणि आईचा हात दयेपोटी पुढे जातो.

नेमका हाच क्षण कित्येक पिल्लांच्या जिवावर बेततो. घरी अंडी उबवणाऱ्यांच्या हातून जी पिल्ले दगावतात, त्यांतली बरीच दुर्लक्षामुळे नव्हे, तर घाईच्या मायेमुळे दगावतात. म्हणूनच अंडे निवडण्यापासून पिल्लू पायावर उभे राहीपर्यंत कुठे हात घालायचा आणि कुठे स्वस्थ बसायचे, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

खुडूक कोंबडीची शाळा

आपल्याकडे खेड्यापाड्यांत हे शिक्षण कोणी पुस्तकातून घेतले नाही. कोंबडी खुडूक झाली, अंगाखालून उठेनाशी झाली, की घरातली बाई टोपलीत गवत किंवा राख घालून दहा-बारा अंडी मांडते आणि तिला रवणावर बसवते. पुढचे एकवीस दिवस सारे काम कोंबडीचे. ती दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी दहा-वीस मिनिटे उठते, परत येऊन बसते आणि चोचीने अंडी सतत फिरवत राहते.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘वनराजा’सारखी सुधारित कोंबडी वर्षाला शंभराच्या वर अंडी देते. गावठी कोंबडी त्याच्या निम्म्यानेच देते. पण सुधारित कोंबड्यांमध्ये खुडूक होण्याचा गुण जवळजवळ उरलेला नाही. त्यामुळे अंडी वाढली, पण ती उबवायला आई नाही, अशी परसातल्या कोंबडीपालनाची अडचण झाली. ती दोन तऱ्हांनी सुटते. सुधारित कोंबडीची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवायची किंवा छोटे उबवण यंत्र घ्यायचे. मात्र वनराजा ही संकरित जात आहे. तिच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी हुबेहूब आईसारखी होत नाही, हे आधीच लक्षात ठेवावे.

यंत्राची कल्पना तशी नवी नाही. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपासून मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबवली जात. तिथले कारागीर तापमापकाशिवाय, अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखत. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाने पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे उभारली. आता तीस-चाळीस अंड्यांचे यंत्र घराच्या कोपऱ्यातही मावते. ज्या घरात चार कोंबड्यांच्या अंड्यांवर बाईची हक्काची मिळकत चालते, तिथे प्रत्येक पिल्लू मोलाचे असते.

मानेसर आणि रत्नागिरी

यंत्राबरोबर एक माहितीपत्रक येते आणि ते सगळीकडे सारखेच असते. हवा मात्र सगळीकडे सारखी नसते. दिल्लीजवळचे मानेसर घ्या. गुरुग्राम जिल्ह्यातले, अरवलीच्या पायथ्याचे हे गाव आज मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. नोकरीनिमित्त तिकडे राहणारे एखादे मराठी कुटुंब घराच्या मागच्या बाजूला चार कोंबड्या पाळू लागले, तर त्याला कोकणातल्या आजीचा अनुभव जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही. मे महिन्यात मानेसरला पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, लू वाहते आणि हवा कोरडी ठणठणीत होते. जानेवारीच्या रात्री तोच पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. उलट रत्नागिरीला श्रावणात भिंतींनाही ओल सुटलेली असते.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतली वाफ हळूहळू बाहेर जाते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण अकरा ते तेरा टक्के कमी व्हावे लागते. तेवढी जागा अंड्याच्या जाड टोकाकडे हवेची पोकळी म्हणून तयार होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेते. हवा फार कोरडी असेल तर अंडे जास्त सुकते. आतला पापुद्रा चामड्यासारखा घट्ट होतो आणि पिल्लाला चिकटून बसतो. हवा फार दमट असेल तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू सुजट, पाणावलेले, सुस्त निघते किंवा आतच गुदमरते.

म्हणून पहिले अठरा दिवस यंत्रात आर्द्रता पन्नास ते पंचावन्न टक्के आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर टक्के ठेवावी. मानेसरच्या उन्हाळ्यात पाण्याची पसरट थाळी दिवसातून दोनदा पाहावी लागेल. कोकणातल्या पावसाळ्यात कदाचित सुरुवातीला थाळीची गरजच भासणार नाही. थाळी खोल असण्यापेक्षा पसरट असणे महत्त्वाचे, कारण वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून होते. आर्द्रतामापक यंत्रात ठेवला तर अंदाजावर विसंबावे लागत नाही.

अशक्तपणा अंड्यातच सुरू होतो

जन्मलेले पिल्लू अशक्त का, याचे उत्तर बहुतेक वेळा मागच्या तीन आठवड्यांत सापडते.

दुकानातून आणलेली अंडी उबवायला ठेवून काही निघणार नाही. अंड्यांसाठी चालवलेल्या फार्ममध्ये कोंबडे ठेवत नाहीत, त्यामुळे ती अंडी फलित नसतात. दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असलेल्या कळपातली अंडी घ्यावीत. आकाराने मध्यम, स्वच्छ, न तडकलेली अंडी निवडावीत. फार लांबट, फार गोल किंवा मऊ कवचाची टाळावीत. अंडी धुऊ नयेत. धुण्याने कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि जंतूंना वाट मिळते. आठवड्यापेक्षा जुनी अंडी उबवायला ठेवू नयेत. साठवताना जाड टोक वर ठेवून थंड जागी ठेवावीत. प्रवासातून आणलेली अंडी यंत्रात घालण्यापूर्वी एक दिवस स्थिर ठेवावीत.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान साडेसदतीस अंश सेल्सिअस असावे. यंत्रावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. दुसरा चांगला तापमापक अंड्यांच्या पातळीवर ठेवून ताडून पाहावा. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा ती फिरवावीत. फिरवले नाही तर आतला जीव कवचाला चिकटतो. अठराव्या दिवशी फिरवणे बंद करावे.

वीज गेली तर घाबरू नये. झाकण न उघडता यंत्रावर जाड पांघरूण टाकावे. पण हवेची भोके पूर्ण बुजू देऊ नयेत. थोडा वेळ ऊब कमी झाली तर अंडी ते बहुधा सोसतात. आई कोंबडीही रोज उठतेच. खरी भीती उष्णता वाढण्याची असते. पारा चाळिशीपर्यंत गेला, तर काही तासांतच सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे विजेरी धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर आत जीव आहे. काहीच दिसले नाही तर अंडे फलित नाही. रक्ताचे नुसते कडे दिसले तर जीव गेलेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत. सडलेले एक अंडे फुटले तर बाकीच्यांना बाधा होते.

तड्यानंतरचे चोवीस तास

आता त्या पहिल्या प्रसंगाकडे वळू. कवचाला तडा पडतो तेव्हा पिल्लाचे बाहेर येण्याचे काम संपलेले नसते, अर्धेच झालेले असते. त्याची फुप्फुसे नुकती चालू झालेली असतात. कवचाच्या आतल्या पापुद्र्यात अजून रक्त खेळत असते, ते हळूहळू अंगात परत जायचे असते. उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जायचा असतो. या कामाला बारा ते चोवीस तास लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की पिल्लू थकले, अडकले. प्रत्यक्षात ते विसावा घेत असते. अशा वेळी कवच सोलले तर शिरा तुटतात, रक्त वाहते आणि बलक बाहेर राहिलेले पिल्लू वाचत नाही.

तड्यानंतर चोवीस तास उलटून गेले, काहीच प्रगती नाही आणि पापुद्रा कोरडा, पिवळट-तपकिरी दिसू लागला, तरच मदत करावी. हात स्वच्छ धुऊन, कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पापुद्रा ओलसर करावा. पिल्लाच्या चोचीवर पाणी जाऊ देऊ नये. तड्याभोवतीचे कवच नखाएवढेच काढावे आणि अंडे परत यंत्रात ठेवावे. रक्ताचा ठिपका जरी दिसला, तरी लगेच थांबावे आणि काही तास वाट पाहावी. शेवटचा जोर पिल्लालाच लावू द्यावा.

खुडूक कोंबडीच्या बाबतीत मात्र उलटा प्रकार घडतो. पहिली पिल्ले निघाल्यावर एक-दोन दिवसांत ती त्यांना घेऊन घरट्याबाहेर पडते. मागे राहिलेले, टिचलेले अंडे तसेच गार होते. तिथे माणसाने थांबावे. ते अंडे उचलून उबेत ठेवले तर एखादे उशिराचे पिल्लू हमखास हाती लागते.

आधी ऊब, मग पाणी, मग दाणा

बाहेर आलेले पिल्लू ओले, लोळागोळा दिसते. ते यंत्रातच सुकू द्यावे. पोटात ओढलेला बलक त्याला दोन दिवस पुरतो, त्यामुळे भरवण्याची घाई नको. सुकून फुललेली पिल्ले कृत्रिम दाईखाली, म्हणजे दिव्याच्या उबेखाली हलवावीत. पहिल्या आठवड्यात तिथे सुमारे पस्तीस अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावी. घरात आता एलईडी दिवे आले आहेत, त्यांना ऊब जवळजवळ नसते. त्यासाठी जुना पिवळा बल्बच लागतो, एका पिल्लामागे दोन वॉट या हिशेबाने. मानेसरच्या थंडीत हा हिशेब वाढवावा लागेल. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली तर ऊब कमी आहे. चोच उघडी टाकून लांब पळू लागली तर जास्त आहे. सारखी पसरून बसली तर सगळे ठीक.

अशक्त पिल्लू वेगळ्या खोक्यात, पण भावंडांचा आवाज ऐकू येईल असे ठेवावे. गार पडलेल्या पिल्लाला काहीही पाजू नये. आधी अंग गरम होऊ द्यावे. मग अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर गूळ विरघळवून त्यात चोचीचे टोक बुडवावे. ड्रॉपरने घशात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. थेंब चोचीच्या कडेला लावला की पिल्लू स्वतः गिळते. गुळाचे पाणी काही तासांपुरतेच, मग साधे पाणी. भांडे उथळ घेऊन त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. नंतर मक्याची बारीक भरड किंवा पिल्लांचे तयार खाद्य द्यावे.

पाय फाकलेले पिल्लू दिसले तर खाली घातलेला गुळगुळीत कागद आधी काढावा आणि गोणपाट अंथरावे. दोन्ही पायांना मऊ पट्टीने, मध्ये सुमारे एक इंच अंतर ठेवून, सैलसर बांधावे. पहिल्या एक-दोन दिवसांतच बांधले तर बरीच पिल्ले तीन-चार दिवसांत उभी राहतात. शेपटीखाली विष्ठा सुकून चिकटली असेल तर कोमट पाण्याने भिजवून पुसावी, ओढू नये. बेंबी ओलसर असेल तर तिला पातळ आयोडीन लावावे. बेंबी निळसर, सुजलेली आणि वास येणारी असेल तर मात्र ते पिल्लू लगेच इतरांपासून दूर करावे. ते बहुधा वाचत नाही, आणि हे मुलांनाही समजावून सांगावे.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगाची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले होते. पिल्ले अचानक पटापट मरू लागली तर ती उकिरड्यावर न टाकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. पिल्लांना हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. पिल्लांचे पापे घेऊ नयेत.

संध्याकाळी हट्ट धरलेल्या मुलांना यंत्राचे झाकण बंदच ठेवून झोपवावे. सकाळी उठून पाहतील तेव्हा तडा कवचभर फिरलेला असेल, अंड्याची टोपी बाजूला पडलेली असेल आणि ओले पिल्लू आपल्याच जोरावर बाहेर येऊन पडलेले असेल.