टीका आणि सेवकाची नम्रता

संकटकाळी सेवकावर टीका झाली म्हणजे ती दुप्पट बोचते. अशा वेळी नम्रता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न पाळक व कॅटेकिस्ट यांना टाळता येत नाही.

पवित्र शास्त्रात दावीद राजाचे दोन प्रसंग आहेत. नाथानाने दोष दाखविला (२ शमुवेल १२), तो खरा होता व दावीदाने तत्काळ पदरी घेतला. पुढे अबशालोमापासून पळत असता शिमीने त्याला शाप दिले (२ शमुवेल १६). शौलाच्या घराण्याच्या रक्तपाताचा तो आरोप रास्त नव्हता. तरीही दावीदाने अबीशयाला आवरले. यावरून आम्हांस वाटते की, नम्रता म्हणजे प्रत्येक आरोप खरा मानणे नव्हे. ऐकण्यापूर्वीच तो खोटा न ठरविणे होय.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे मननीय आहे. १८८९ साली मुंबईत निघालेले त्यांचे शारदा सदन पुढे पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे अभिवचन संस्थेने दिले होते. बाईंच्या प्रार्थनेस मुली बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली टीकेची झोड उठली. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, व पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. प्रार्थनेची सक्ती नव्हती, हे बाईंचे म्हणणे होते. पण तटस्थतेचे वचन आणि प्रार्थनेचे उघडे दार यांचा मेळ कसा घालावा, हा टीकाकारांचा प्रश्नही पोकळ नव्हता. बाईंनी श्रद्धा लपविली नाही आणि कार्य सोडले नाही. रामाकोना व सौंसर ज्यात मोडत, त्या मध्य प्रांतात १८९६-९७ च्या दुष्काळात येऊन त्यांनी शेकडो निराधार मुलींना व स्त्रियांना आश्रय दिला. पुढे केडगावच्या मुक्ती सदनाचे ख्रिस्ती स्वरूप उघड होते. जुनी संदिग्धता तेथे उरली नाही.

आमच्या लहान गावांत सेवक व टीकाकार यांची गाठ बाजारातही पडते. म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. बोलणाऱ्याचा हेतू आणि बोलण्यातील तथ्य यांची गल्लत करू नये. कडवट मुखातूनही सत्य येते. मंडळीच्या पैशाविषयी किंवा मदतवाटपाविषयी विचारणा झाली, तर रुसून न बसता हिशेब पुढे ठेवावा. तेथे मौन ही नम्रता नव्हे. आणि उपदेशपीठावरून टीकेला उत्तर कधीही देऊ नये, कारण समोर बसलेल्यास तेथे प्रत्युत्तराची मुभा नसते.

ज्या प्रभूने निर्दोष असून निंदा सोसली, त्याच्या सेवकांनी सदोष असताना निदान ऐकून तरी घ्यावे.